पोटखराबा

गेल्या मार्गशीर्षात जुन्या लाकडाचा व्यापारी आमच्या मळ्यातल्या गोठ्यात आला, तेव्हा त्याच्या एका हातात मोजपट्टी होती आणि दुसऱ्या हातात पांढरा खडू. प्रत्येक खांबाजवळ जाऊन तो बोटांच्या पेरांनी लाकडावर टकटक करी, कान देऊन ऐके, घेर मोजे आणि छातीच्या उंचीवर खडूने एक आकडा घाली. एक ते चौदा. मग तुळयांकडे मान वर करून त्याने सहज विचारले, ‘‘किती सालचा गोठा म्हणायचा?’’ माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो म्हणाला, ‘‘शंभर वर्षांचा तरी असेल.’’ काकू दारातूनच म्हणाल्या, ‘‘माझ्या सासूबाई दीडशे म्हणायच्या.’’ दोघांनी माझ्याकडे पाहिले, कारण वीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला आहे. मला उत्तर देता आले नाही. व्यापारी समजूतदारपणे म्हणाला, शंभरीच्या वरचे साग असेल तर भाव वेगळा लागतो, विचार करून सांगा, संक्रांतीनंतर गाडी घेऊन येतो. तो गेला. खांबांवरचे आकडे मात्र अंधारात पांढरे दिसत राहिले, आणि पुण्याला परतताना घाट उतरेपर्यंत तो प्रश्न माझ्या मनातून हलला नाही. विकू नका असे दादाला सांगण्याचा अधिकार मला नव्हता. गोठ्यात आता एकच म्हैस आहे, माळवद दर पावसाळ्यात गळते आणि ट्रॅक्टर उघड्यावर भिजतो. पण ज्या वास्तूत माझे निम्मे बालपण गेले तिचे वय मला ठाऊक नसावे, आणि ते ठाऊक नसल्याचे वीस वर्षांत एकदाही जाणवू नये, हे मला फार लागले.

बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेले की आमच्या गोठ्यात आधी काहीच दिसत नसे. पहिल्यांदा वास येई: शेणाचा, ओल्या कडब्याचा, भिजवलेल्या पेंडीचा आणि जनावरांच्या अंगाच्या उबेचा. मग बैलांच्या श्वासाचा आवाज येई, मग गळ्यातल्या घुंगरांचा, आणि सर्वांत शेवटी डोळे सरावले की ओळीने बांधलेल्या सहा पाठी दिसू लागत. सहा खणांचा गोठा, वर पांढऱ्या मातीचे माळवद, पुढे कौलारू पडवी. गव्हाणीची फळी खिलार बैलांच्या माना घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती, की आम्ही मुले तिच्यावरून हात फिरवत बसायचो. बेंदराला त्याच फळीला गेरू लागे, दिवाळीत दारात शेणाच्या गवळणी बसत. कोपऱ्यात जमिनीखाली धान्य साठवायचे एक पेव होते. ते उघडायच्या दिवशी आम्हाला लांब उभे करीत आणि आत माणूस उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून सोडीत. कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचे नाही, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. पडवीच्या टोकाला एक बाज असे आणि तिच्यावर घडी घातलेले काळे घोंगडे. ती तात्यांची जागा. तात्या आमच्याकडे सालगडी होते. ते तिथेच झोपत, रात्री उठून जनावरांना वैरण टाकीत, आणि पहाटे आम्हाला जाग येई ती त्यांच्या खोकल्याने.

शोध मी कागदांपासून सुरू केला, कारण मला तेवढाच रस्ता ठाऊक होता. सातबारा काढला, खातेउतारा काढला, मग तालुक्याला जाऊन जुने फेरफार मागितले. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, म्हणून त्याच्या पुढचे तरी सगळे सापडेल अशी माझी अपेक्षा होती. अभिलेख कक्षात एका खिडकीजवळ मला जागा मिळाली. रजिस्टरांची पाने कडेने तपकिरी होऊन मोडत होती. हात लावला की बोटांना भुकटी लागे, आणि घरी आल्यावरही तो वास पदराला येत राही. जमिनीचे सगळे सापडले. आजोबांच्या वडिलांनी कोणता तुकडा कोणाकडून किती रुपयांना घेतला, कोणत्या साली सोसायटीचा बोजा चढला आणि कोणत्या साली उतरला, विहिरीत कोणाचा किती हिस्सा, बांधावरच्या आंब्यावर कोणाचा हक्क, ओढ्याकडची वाट कोणासाठी मोकळी, अशी एकेक नोंद तारखेसह हजर होती. एवढे असूनही गोठा कुठेच नव्हता. ज्या गटात तो उभा आहे त्या गटाचे जुने टिपण पाहिले. बांधाची मापे होती, वळणे होती, शेजारच्या गटांचे आकडे होते. मध्ये कोरा कागद होता. गावनकाशावर विहीर होती, ओढा होता, आणि आता नसलेली चिंचेची रांगसुद्धा होती.

मग एका वयस्क कारकुनांनी सातबाऱ्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘‘बाई, तुमचा गोठा इथे आहे.’’ तो आकडा होता पोटखराब्याचा. चार गुंठे.

हा शब्द आमच्या घरात रोजचा होता, पण त्याचा अर्थ मी कधी नीट पाहिला नव्हता. शेतातला खडकाळ, नापीक, पिकाला निरुपयोगी तुकडा म्हणजे पोटखराबा, इतकेच मला माहीत होते. जमीन महसुलाच्या नियमांत त्याचे दोन वर्ग आहेत, आणि मोजणीच्या वेळी शेतीस अयोग्य ठरलेल्या ‘अ’ वर्गातच खातेदाराच्या शेतीच्या इमारती आणि मळणीची खळी यांचा समावेश केलेला आहे. नियम वाचताना मी थांबले. खळे म्हणजे सुगीची जागा. शेणाने सारवलेली जमीन, मधोमध तिवडा, त्याच्याभोवती मुसक्या बांधलेली बैलांची पात, वावडीवर उभे राहून वाऱ्याची वाट पाहणारा माणूस, आणि उफणून झाल्यावर पिवळ्या दिव्यासारखी चमकणारी जोंधळ्याची रास. राशीला नारळ फुटल्याशिवाय माप लागत नसे, आणि माप घालताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. वर्षभराच्या कष्टाचे धान्य जिथे हाती येते ती जागा आणि ज्यांच्या जिवावर ते येते ती जनावरे बांधण्याची जागा, दोन्ही कागदावर खराब्यात. कारण सरळ आहे: त्या जागेवर पीक निघत नाही, म्हणून तिच्यावर आकार, म्हणजे शेतसारा, नाही, आणि ज्यावर आकार नाही त्याचे वर्णन करण्याची दप्तराला गरज नाही. कायदा करणाऱ्यांचा यात काही दुष्टावा नव्हता, उलट ती शेतकऱ्याला दिलेली सूटच होती. तरीही त्या शब्दाने मी दुखावले गेले, हे खरे.

या मोजणीचा इतिहास मी पूर्वी मुलांना शिकवला होता. विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात नवी पद्धत लावली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीची प्रतही आण्यांतच ठरे. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि त्यानंतर ही साखळी आमच्या भागात आली. माझ्या डोळ्यांसमोर ते मोजणीदार उभे राहिले. उन्हातान्हात बांधावरून साखळी ओढताना ते आमच्या गोठ्याच्या सावलीला नक्की बसले असतील, तिथल्या रांजणातले पाणी प्याले असतील, आणि उठून पुन्हा बांध मोजायला लागले असतील. अर्थात गोठा तेव्हा असेल तर. असेल की नसेल, एवढेच तर मला हवे होते.

त्याच्याही मागे जावे म्हणून मी पुण्याच्या पुराभिलेखागारात गेले. तिथे मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, आणि मोडी मला अडखळतच वाचता येते. एका परगण्याच्या कागदांत आमच्या गावाचे नाव दिसले तेव्हा अंगावर काटा आला. लावणीचा हिशेब होता, बाकीचा हिशेब होता, सरकारी पागेसाठी गावाने द्यायच्या कडब्याचा हिशेब होता. एका यादीत म्हैसपट्टी होती, म्हणजे दुभत्या म्हशीमागे द्यायचा कर. त्या एका ओळीवर मी अर्धा दिवस काढला. म्हशी होत्या म्हणजे त्या कुठेतरी बांधल्या जात होत्या, त्यांच्यावर छप्पर होते, त्यांना कोणीतरी रात्री वैरण टाकीत होते. पण पेशवाईच्या कारकुनालासुद्धा जनावर दिसले ते त्याच्यावर कर होता म्हणून, आणि छपरावर तो नव्हता, म्हणून छप्पर पुन्हा अदृश्य. आपल्या देशात १९१९ पासून पशुगणना होते, २०१९ साली ती विसाव्यांदा झाली. तीही शेवटी पशूंचीच गणना आहे.

मी पुण्यात जिथे राहते तिथून पिंपळे सौदागर जवळ आहे. आज तिथे उंच इमारती, रुंद रस्ते आणि दुकानांच्या रांगा आहेत. पण ग्रामीण अर्थव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी या गावाचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. १७७१ साली तिथे एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली, हा त्यातला निष्कर्ष पुढे अनेक ठिकाणी उद्धृत झाला. एका रविवारी मी तिथे नुसतीच हिंडले. एका जुन्या देवळामागे एक दगडी जोते दिसले, त्यात जनावरे बांधायची गोल लोखंडी कडी अजून रुतलेली होती आणि तिला कोणीतरी दुचाकी साखळीने बांधली होती. त्या गावच्या जमिनीचा दीडशे वर्षांचा हिशेब जगभरच्या ग्रंथालयांत आहे. त्या कडीला कोणत्या घरचा बैल बांधला जात होता, हे सांगणारे बहुधा पुढच्या गल्लीतसुद्धा कोणी उरले नसेल. मी कडीला हात लावला. ती उन्हाने तापलेली होती.

त्या दिवसापासून मी कागद बाजूला ठेवला आणि गोठाच वाचायला लागले. दादाची परवानगी काढून दोन दिवस मुक्कामाला गेले, विजेरी घेतली, वही घेतली आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली. पडवीच्या एका कौलावर मंगळूरच्या कारखान्याचे नाव आणि त्याखाली एकोणिसाव्या शतकातले एक साल उठवलेले दिसले आणि मला वाटले, सापडले. रात्री चौकशी केल्यावर कळले की ते साल कौल पाडल्याचे नसते, कारखाना स्थापन झाल्याचे असते. तोच साचा पुढे कित्येक वर्षे चाले. मंगळुरात बासेल मिशनने पहिला कारखाना १८६५ साली काढला, आणि पुण्याहून मिरजेवरून लोंढ्यापर्यंत रेल्वे १८९० च्या सुमारास पूर्ण झाली. आमच्या कोरडवाहू भागात ही कौले बहुधा त्यानंतरच पोहोचली असतील. म्हणजे पडवी नंतरची. आतल्या माळवदाचा प्रश्न तसाच राहिला. उत्तरेच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत गेलेली एक भेग आहे, तिला घरात सगळे भूकंपाची भेग म्हणतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा गोठ्यातल्या सगळ्या जनावरांनी दावी तोडली आणि तात्या त्यांच्यामागे अंधारात ओढ्यापर्यंत धावले, ही गोष्ट मी आजीकडून अनेकदा ऐकलेली आहे. भिंत दुभंगली, पण खांबांवर तोललेले माळवद जागचे हलले नाही.

खांबांनी मला सर्वांत जास्त शिकवले. चौदांपैकी पाच खांबांवर अशा खाचा आहेत ज्यांचा या गोठ्यात काहीही उपयोग नाही. कुसू बसवण्यासाठी नीट चौकोनी कोरलेल्या, पण रिकाम्या, आणि त्याही वेगवेगळ्या उंचीवर. एका खांबाच्या माथ्यावर कमळाची कोरीव पाकळी आहे, तीही उलटी, जमिनीच्या बाजूला. गावातल्या सुतारकाम करणाऱ्या घरातले एक वृद्ध गृहस्थ माझ्या विनंतीवरून आले. त्यांनी खाचांत बोट घालून पाहिले आणि म्हणाले, हे लाकूड आधी दुसऱ्या वास्तूत होते, बहुधा एखाद्या मोठ्या वाड्यात. तो पडला किंवा पाडला, आणि हे खांब इथे आले, घाई होती म्हणून एक उलटा बसला. पाच खांब एका झाडाचे, बाकीचे वेगळे. तळखडे त्याहून जुने असतील, एकावर छिन्नीची नक्षी झिजून गेलेली आहे. मी विचारले, मग गोठा किती वर्षांचा? ते म्हणाले, ‘‘कुठला धरता त्याच्यावर आहे. लाकूड, दगड, की माती? माळवदाची माती तर दर दोन-तीन सालांनी नवी पडते.’’ इतके दिवस मी एक साल शोधत होते आणि माझ्यासमोर एकात एक गुंतलेल्या तीन-चार वास्तू उभ्या होत्या. या उत्तराने मला निराश व्हायला हवे होते, पण मनावरचे एक ओझेच उतरले.

नवव्या खांबावरच्या खुणा मात्र त्यांनाही उलगडल्या नाहीत.

हा खांब पडवीकडच्या टोकाला आहे, तात्यांच्या बाजेपासून हाताच्या अंतरावर. व्यापाऱ्याचा खडूचा नऊ त्यांच्यावरच पडला होता, म्हणून त्या मला प्रथम नीट दिसल्या. विळ्याच्या टोकाने पाडाव्यात तशा बारीक आडव्या रेघा, एकाखाली एक, काही आखूड, काही लांब. मध्ये मोकळी जागा सोडून पुन्हा रेघा. असे आठ-नऊ गट गुडघ्यापासून खांद्यापर्यंत गेले होते. लहानपणी मला वाटे की त्या बैलाच्या शिंगांच्या आहेत. दादा म्हणाला, आजोबांनी वासरांची उंची मोजली असेल. पण वासरे इतक्या बारीक अंतराने वाढत नाहीत.

आजोबांच्या हिशेबाच्या वह्या काकूंनी लोखंडी ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, आडव्या, देवनागरीत आणि मधूनच मोडी वळणाने लिहिलेल्या. त्यांत पेंडीचा भाव आहे, पुसेगावच्या यात्रेतून आणलेल्या बैलजोडीची किंमत आहे, सुताराला, लोहाराला, दावी-कासरे वळून देणाऱ्या मातंग घराला आणि मेलेले जनावर ओढून नेणाऱ्या महार घराला सुगीत दिलेले बलुते पायल्यांत मांडलेले आहे. पुढे एका सालानंतर त्या शेवटच्या घराचे नाव यादीतून नाहीसे होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले होते, १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. आणि आमच्या घराच्या वहीत त्या सगळ्या लढ्याचा पडसाद एवढाच आहे की एक ओळ थांबली. मला ती थांबलेली ओळ पाहून बरे वाटले आणि तिच्या आधीच्या ओळी वाचून मान खाली गेली. त्याच वह्यांत जागोजाग एक नोंद येते: ‘गडी, जोंधळा ३ पायली.’ ‘गडी, घोंगडी १.’ ‘गडी, वहाणा.’ बैलांची नावे आहेत, सर्जा आहे, माणिक आहे. तात्यांचा उल्लेख सर्वत्र ‘गडी’ असाच.

त्या रात्री लक्षात आले की मलाही त्यांचे नाव माहीत नाही. तात्या हे तर आम्ही मुलांनी दिलेले संबोधन. सव्वीस वर्षे ज्या माणसाने आमची जनावरे सांभाळली, ज्याच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा बेंदराची मिरवणूक पाहिली, त्याचे आडनाव मी कोणाला कधी विचारले नव्हते. सातबाऱ्यावर ते असणे शक्यच नव्हते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला, कारण कुळाचे नाव पीकपाहणीत होते. मजुरीवर राबणारा सालगडी कायद्याच्या व्याख्येत कूळ नव्हता, त्यामुळे पाडव्याला ठरून पुढच्या पाडव्याला सुटणारे त्याचे साल कोणत्याही नमुन्यात उतरले नाही. आमच्या आत्यांची नावे तरी मला फेरफारात सापडली होती. हक्कसोड केल्याच्या नोंदीत का होईना, एका दिवसापुरती त्या तिथे होत्या. तात्या तेवढेही नव्हते.

त्यांची सून गावाच्या दुसऱ्या टोकाला घरकुलात राहते. वय सत्तरीच्या पुढे असेल. मी गेले तेव्हा त्या दारात बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, ‘‘मळ्यातली धाकटी ताई ना गं तू?’’ म्हणाल्या आणि पाट सरकवला. चहा झाल्यावर मी फोनवर काढलेले खांबाचे चित्र दाखवले. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, ‘‘ह्ये तर आमच्या मामंजींचं बुक हाय.’’

मग त्यांनी सांगितले ते असे. साल ठरताना रोख किती, जोंधळा किती, कपडा किती हे बोलून ठरत असे. मधल्या काळात लागेल तशी उचल घ्यायची आणि पाडव्याला सगळी वजा व्हायची. आजोबा वहीत लिहीत. तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून पायलीभर जोंधळा घरी नेला की ते खांबावर एक आखूड रेघ ओढीत, मणाला लांब रेघ, आणि पाडव्याला हिशेब झाला की थोडी जागा सोडून नवीन साल सुरू करीत. ‘‘ल्हिणार येक, खाणार येक,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग खाणाऱ्यानं कुटंतरी ठेवाय नगं का?’’ मी त्यांच्या सासऱ्यांचे पूर्ण नाव विचारले. त्या थोड्या संकोचल्या, सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायची सवय नव्हती. शेवटी नातवाला हाक मारली आणि त्याने सांगितले. मी ते वहीत लिहून घेतले. मग त्या बाईंना मी विचारले की सर्वांत वरच्या गटात रेघा इतक्या दाट का आहेत. त्यांनी चित्र पुन्हा पाहिले. ‘‘ते दुष्काळाचं साल आसंल. त्येच्याम्होरं रेघा न्हाईत बघ. पाडवा झाला आनि मामंजी खडी फोडाय ग्येले. सरकारी काम निघालं व्हतं. मिलो मिळायचा, सुकडी मिळायची. परत काय मळ्यात सालानं ऱ्हायले न्हाईत.’’

मला आमच्या घरात याचे कारण वेगळे सांगितले गेले होते. तात्यांचे गुडघे दुखू लागले म्हणून ते सुटले, असे आजी म्हणत असे. खडी फोडायला जाणाऱ्या माणसाचे गुडघे दुखत नसतात, हा विचार मला पन्नाशी उलटल्यावर त्या घरकुलाच्या दारात प्रथम आला.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मी त्यांना मळ्यात घेऊन गेले. दादाला मी आधीच विनंती केली होती की नववा खांब व्यापाऱ्याला देऊ नये. त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली, म्हणाला, एका खांबाने काही अडत नाही. बाकीचे तेरा जाणार आहेत, पुण्या-मुंबईकडे जुन्या लाकडाला मागणी आहे, कुठल्यातरी उपाहारगृहाच्या प्रवेशदारात आमचे उलटे कमळ कदाचित सुलटे होऊन उभे राहील. गोठ्यात म्हशीने मान वळवून आमच्याकडे पाहिले. बाई उंबऱ्याशी थांबल्या, चपला काढल्या, आणि डोळे सरावण्याची वाट न पाहता सरळ त्या टोकाला गेल्या. पदराने त्यांनी खडूचा नऊ पुसला. मग वरच्या गटाच्या पहिल्या रेघेवर बोट ठेवून मोठ्याने मोजू लागल्या.

‘‘लाभ. दोन. तीन.’’

त्यांचे बोट हळूहळू खाली येत होते. मधे एकदा त्या चुकल्या, मागे गेल्या, पुन्हा मोजले. माझ्या पिशवीत १९७२ सालची लाल वही होती. तिच्यातली बेरीज मी आदल्या रात्री काकूंच्या समोर दोनदा करून पाहिली होती. शेवटच्या रेघेवर बोट थांबले तेव्हा आकडा सव्वीस झाला होता. सगळ्या आखूड रेघा, म्हणजे सव्वीस पायल्या.

‘‘वहीत किती हायत?’’ त्यांनी विचारले.

मी सांगितले, ‘‘एकतीस.’’

त्यांनी तळहात खांबावर तसाच ठेवला. ‘‘मामंजी आसंच म्हनायचे,’’ त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, दिवस मावळायच्या आत घरी सोड म्हणाल्या.